मतदार यादी, राज्यसभा आणि एक खोटे कलम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संसद आणि निवडणुकीविषयी वाचकांची जी पत्रे येतात, त्यांतील प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या संदेशातून आलेला असतो. निवृत्तीपूर्वी मी मतदार नोंदणीच्या कामात होतो, त्यामुळे हा गोंधळ मला नवा नाही. ही उत्तरे निवडणूक तोंडावर नसताना देतो आहे, कारण ती तोंडावर आली की उत्तर देऊन उपयोग राहत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचे गटार दर पावसाळ्यात तुंबते. खासदारांना तीन पत्रे पाठवली, उत्तर नाही. अशा खासदाराला परत बोलावता येते का? (कांदिवली)

येत नाही, तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. गटार महापालिकेचे आहे, तेव्हा तक्रार विभाग कार्यालयात आणि आपल्या नगरसेवकाकडे करा. खासदार निधीचे वर्षाचे ५ कोटी रुपये असतात, परंतु खासदार केवळ कामाची शिफारस करतो; मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाच्या हाती असतो.

प्रश्न : माझे नाव लालबागच्या यादीत आहे आणि गावी संगमेश्वर तालुक्यातही आहे. लोकसभेला मुंबईत आणि ग्रामपंचायतीला गावी मतदान केले तर चालेल ना? आमच्याकडे सगळेच करतात. (लालबाग)

चालणार नाही, आणि सगळेच करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ व १८ प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. ग्रामपंचायतीची यादी वेगळी असते हा समजही खोटा आहे. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागून वापरली जाते. अर्ज भरताना ‘माझे नाव अन्यत्र नाही’ असे आपण सहीनिशी लिहून देतो. ते जाणूनबुजून खोटे लिहिले असेल, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणे हा रहिवास नव्हे. जेथे खरोखर राहता तेथील नाव ठेवा आणि दुसरीकडचे नमुना ७ भरून वगळून घ्या. गावी राहणे आणि मुंबईत राहणे निम्मे निम्मे असेल, तर स्वतः निर्णय न घेता मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

प्रश्न : परळची आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याने डोंबिवलीला आलो. २० मे २०२४ ला सुटी काढून परळला मतदानाला गेलो, तर यादीत नावच नव्हते. ओळखपत्र दाखवले, ‘कलम ४९अ’ सांगून चॅलेंज व्होट मागितले, तरी केंद्राध्यक्षांनी नकार दिला. त्यांच्याविरुद्ध तक्रार कोठे करावी? (डोंबिवली)

केंद्राध्यक्षांनी केले ते बरोबर केले. ‘कलम ४९अ’चा मोबाइलवर फिरणारा तो संदेश मी इतक्या वेळा वाचला आहे की त्यातील चुकीच्या वेलांट्याही मला ओळखीच्या झाल्या आहेत : यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, कोणी तुमचे मत आधीच टाकले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून अधिक टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९अ मतदान यंत्राची रचना कशी असावी, हे सांगतो. नाव नसलेल्याच्या मताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘चॅलेंज’, म्हणजे आक्षेप घेणे, ही उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीची सोय आहे. समोरचा माणूस तोतया आहे असे त्याला वाटले, तर तो दोन रुपये भरून ओळखीला आव्हान देतो आणि केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करतात. त्यातून कोणाचे नाव यादीत येत नाही. या संदेशात खरे आहे ते एवढेच की आपल्या नावावर दुसराच कोणी मतदान करून गेला असेल, तर ओळख पटल्यावर आपल्याला कागदी प्रदत्त मतपत्रिका (हेच ‘टेंडर व्होट’) मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. परंतु त्यासाठी मुळात यादीत नाव असावे लागते. चौदा टक्क्यांचा नियम कोठेही नाही.

आता आपल्या नावाचे काय झाले असावे ते सांगतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुधा एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका, उन्हातान्हात यादीचा भाग हातात घेऊन पत्ता शोधत येते. यादीत लिहिलेले असते ‘खोली क्र. २३, दुसरा मजला’, आणि समोर निळे पत्रे, आत खड्डा, दारावर पहारेकरी असतो. पहारेकऱ्याला रहिवासी कोठे गेले ते ठाऊक नसते, आणि सोसायटीच्या सचिवांकडे यादी असली तरी ती कोणी मागितल्याखेरीज ते देत नाहीत. मग त्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. वगळण्यापूर्वी नोटीस निघते, पण ती जाते त्या खड्ड्याच्या पत्त्यावर. यात प्रशासनाची ढिलाई नाही असे मी म्हणणार नाही. एकाच इमारतीतील अर्धी नावे राहतात आणि अर्धी जातात, याचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. परंतु घर रिकामे करताना गॅस, बँक, शाळा आणि दूधवाला यांना नवा पत्ता कळवणारे कुटुंब मतदार यादीला मात्र कळवत नाही, हेही तितकेच खरे आहे.

कायदा ‘सर्वसाधारण रहिवास’ पाहतो. १९५० च्या त्याच अधिनियमाच्या कलम २० नुसार केवळ घराची मालकी आहे म्हणून तेथील मतदार होता येत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात पाच-सहा वर्षे काढणे तात्पुरते मानायचे की नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या कागदांवर ठरते. म्हणून करारनामा आणि भाडेकरार घेऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना भेटा. डोंबिवलीतच राहायचे ठरले असेल, तर एरवी नमुना ८ भरायचा असतो. नमुना ६ हा केवळ नव्या मतदारांसाठी आहे. पत्ता बदलणाऱ्याने तो भरला की दुहेरी नोंद होते आणि मग दोन्हीकडून नोटिसा येतात. आपले प्रकरण वेगळे आहे. नाव आधीच वगळले गेले असल्यामुळे कोणता नमुना लागेल ते कार्यालयातच विचारा. अधिकाऱ्यांचा निर्णय अमान्य असेल, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथील निर्णयानंतर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत कोणतेही नाव घातले जात नाही किंवा काढले जात नाही. हरकतींसाठी मुदत ठेवावी लागत असल्याने आपला अर्ज त्याच्याही किमान दहा दिवस आधी पोहोचला पाहिजे. ओळखपत्र हे आपण कोण आहात याचा पुरावा आहे, मताचा हक्क यादीतील नावाने मिळतो. नाव असेल तर ओळखपत्राऐवजी पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. नाव नसेल तर लॅमिनेट केलेले ओळखपत्रही चालत नाही. २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. त्या मतदारसंघातील एका मोठ्या चाळीच्या एका मजल्यावरसुद्धा तेवढे मतदार असतात.

प्रश्न : स्टेशनजवळचा एक एजंट ८०० रुपयांत आठ दिवसांत ‘ओरिजिनल’ मतदार कार्ड काढून देतो. घ्यावे का? (नालासोपारा)

मुळीच नाही. नोंदणी विनामूल्य आहे आणि डिजिटल ओळखपत्रही विनामूल्य उतरवून घेता येते. तो तेच चित्र प्लॅस्टिकवर छापून देतो, आणि त्या बदल्यात आपला आधार क्रमांक व मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच्याकडे जातो. शंका असेल तर मतदार मदतवाहिनीच्या १९५० या क्रमांकावर विचारा.

प्रश्न : ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर निवडणूक रद्द होते, हे खरे का? (मुलुंड)

लोकसभेत आणि विधानसभेत खोटे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हा पर्याय आला, पण नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत ज्याला अधिक मते तोच निवडून येतो. हा गैरसमज महाराष्ट्रात अधिक आहे याचे कारण असे की राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. तो आदेश संसदेला लागू नाही.

प्रश्न : राज्यसभेसाठी आम्हाला मत का नाही? ती पराभूतांच्या पुनर्वसनाची जागा आहे, असे आमचे सर म्हणतात. (रुईया महाविद्यालयाजवळून, एक विद्यार्थिनी)

राज्यसभा राज्यांचे प्रतिनिधित्व करते, म्हणून तिचे सदस्य विधानसभेचे निवडून आलेले आमदार निवडतात. विधान परिषदेच्या आमदारांना तेथे मत नसते. महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. एका वेळी सहा जागा भरायच्या असतील आणि सर्व २८८ आमदारांनी मत दिले, तर निवडून येण्यास पहिल्या पसंतीची ४२ मते पुरतात. म्हणजे आपण आमदार निवडतो तेव्हा अप्रत्यक्षपणे तेही मत देऊन ठेवतो. धन विधेयक राज्यसभा १४ दिवसांहून अधिक अडवू शकत नाही आणि सरकार पाडण्याचा अधिकार केवळ लोकसभेला आहे.

आपल्या सरांना एवढेच सांगा की पहिल्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून पराभूत झाले आणि १९५२ मध्ये मुंबई राज्यातूनच राज्यसभेवर गेले. त्या जागेचा दुरुपयोग होत नाही असे नाही, पण ते दोष पाठवणाऱ्यांचे आहेत.

प्रश्न : एवढ्या मोठ्या मुंबईला केवळ सहा खासदार कसे? आता जागा वाढणार आणि आमची जागा महिलांसाठी राखीव होणार, अशी यादीही आली आहे. (घाटकोपर)

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती, म्हणजे एका खासदारामागे २० लाखांहून अधिक माणसे. तिकडे लक्षद्वीपचा खासदार साठ हजारांच्या आतील मतदार निवडून देतात. राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या, कारण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्याच्या आतील सीमा मात्र २००८ मध्ये बदलल्या. त्या वेळी कल्याण, भिवंडी आणि पालघर हे मतदारसंघ नव्याने झाले, मुंबईचे सहाच राहिले. लोकसभेतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने केली आणि ती जनगणना व त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. आपल्याकडे आलेली यादी राजपत्रातील आहे का, एवढे विचारा. नसेल तर पुढे पाठवू नका.

प्रश्न : आई ८७ वर्षांची आहे, जिना उतरता येत नाही. (गिरगाव)

पंचाऐंशी वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ड द्यावा लागतो. सहाव्या दिवशी कोणी ऐकत नाही. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. यादीतील वय जुने किंवा चुकीचे असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : मुलीला सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण होतील. जानेवारीपर्यंत थांबावे का? (चेंबूर)

नको. आता १ जानेवारीखेरीज १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्यांपैकी एखाद्या तारखेला अठरा पूर्ण असली की पुरते, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. नमुना ६ आजच भरा. वसतिगृहात राहत असेल, तर पत्ता कोणता द्यायचा ते आधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.