मुलीने मोर्चाला जावे का?

आपली मुलगी अमेरिकेत शिकते, वंशभेद आणि पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या शांततापूर्ण मोर्चात तिला जायचे आहे, आणि 'परक्यांच्या भांडणात आपण का पडावे' असे घरातील वडीलधारे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. तिने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वडीलधाऱ्यांविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तसे एक आमच्याही घरात आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मूळचे इथलेच, वडोदऱ्याचे. आता न्यू जर्सीत स्थायिक आहेत. २०२० च्या जूनमध्ये माझी भाची फलक घेऊन मोर्चाला गेली, तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणे बंद केले आणि मला फोन केला: 'तू वकील आहेस, तिला समजाव. दोषी कोण हे न्यायालय ठरवते, रस्ता नव्हे.' न्यायमंदिर या वडोदऱ्याच्या न्यायालयाच्या जुन्या इमारतीत फौजदारी वकिली केलेल्या माणसाला हे ऐकवणे मला फार झोंबले. न्यायालयापुढे कागद येतो, आणि पहिला कागद पोलीसच लिहितात. कोठडीत माणूस मरण पावला की त्यावर 'अचानक छातीत दुखू लागल्याने' असे असते, हे मी वारंवार वाचले आहे. अमेरिकेतील मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता, प्रकृती बिघडली एवढेच होते. एका सतरा वर्षांच्या मुलीने केलेले चित्रीकरण लोकांसमोर आले, लोक रस्त्यावर उतरले, आणि ३ जूनला त्या पोलिसावर अधिक गंभीर श्रेणीच्या खुनाचा आरोप लागून त्याच्यासोबतच्या तिघा पोलिसांवरही गुन्हे दाखल झाले. २०२१ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले, ते त्यानंतर.

आपल्याकडेही वेगळे घडलेले नाही. विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. चार विधीप्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर महिलांनी निदर्शने केली, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदाच बदलला.

दाजींचे दुसरे म्हणणे असे की, हा काळ्या लोकांचा प्रश्न आहे, आपला नव्हे. त्यांना मी अलाबामातील मॅडिसन गावची घटना सांगितली. २०१५ च्या फेब्रुवारीत गुजरातहून मुलाकडे गेलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी पदपथावर फिरत होते. शेजारच्या कोणीतरी 'एक काटकुळा काळा माणूस' फिरतो आहे असे पोलिसांना कळवले, आणि पोलिसाने त्यांना असे आपटले की मणक्याला इजा होऊन शरीर अंशतः लुळे पडले. दोन वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला मुक्त केले. दाजी म्हणाले, 'त्यांना इंग्रजी येत नव्हते.' इंग्रजी न येणे हा कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे, हे त्यांनी सांगितले नाही.

ज्या वडोदऱ्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, आणि ज्या गावात १९१७ मध्ये नोकरीसाठी आल्यावर त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, त्या गावच्या माणसाने तरी 'तो त्यांचा प्रश्न' असे म्हणू नये. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली, तेव्हा बाबासाहेबांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

जाळपोळीचे मी समर्थन करत नाही. ती सुरू होताच चर्चा मृत माणसाची न राहता जळालेल्या दुकानांची होते. दाजींच्या घरीही तीच झाली. दगड उचलला जाताना दिसला की मुलीने तेथून निघावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझी भाची अमेरिकन नागरिक आहे, आपली मुलगी विद्यार्थी व्हिसावर असेल. शांततेने जमण्याचे संरक्षण तेथील संविधानात आहे, तरीही अटक झाल्यास दोष सिद्ध न होताही व्हिसा अडचणीत येऊ शकतो. म्हणून जाण्यापूर्वी तिने तेथील व्हिसा प्रकरणे पाहणाऱ्या वकिलाला विचारावे; तो कायदा माझ्या अभ्यासाचा नाही. वकिलाने नको म्हटले तर तिने देणगी द्यावी, लोकप्रतिनिधीला पत्र लिहावे. पण 'आपला काय संबंध' म्हणून घरी बसू नये, आणि ते दाजींनीही वाचावे म्हणून हे उत्तर मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकतो आहे.