घरीच शिकणाऱ्या मुलाला इतिहास हाताने करून कसा शिकवावा?

तुमचा नऊ वर्षांचा मुलगा घरीच शिकतो, गोष्टी आवडीने ऐकतो, पण इतिहासाचं पुस्तक उघडलं की कंटाळतो, असं तुम्ही लिहिलंय. आम्हीही कोल्हापुरात दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. माझं मत असं की नुसत्या प्रतिकृती करून इतिहास कळत नाही. थर्माकोलचा राजवाडा दिसतो छान, पण तो करताना मुलाला प्रश्न पडत नाही. काम असं द्या की करता करता मूल कुठेतरी अडलं पाहिजे.

दिवाळीचा किल्ला तर मुलं करतातच. आम्ही पन्हाळा केला आणि भोवती सिद्दी जौहरच्या छावण्या मांडल्या. मग विचारलं, आता गडावरची माणसं खाणार काय? मुलांनी घरातलं भाकरीचं पीठ काट्यावर तोललं आणि माणशी रोज अर्धा किलो धरलं. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराजांबरोबर वेढ्यातून बाहेर पडले ते साधारण 600 मावळे. तेवढेच धरले तरी दिवसाला 300 किलो, आणि वेढ्याच्या चार महिन्यांचे 36 टन! गडावरची शिबंदी तर याहून मोठी. त्यानंतर पन्हाळ्यावर गेलो तेव्हा धाकटी अंबरखान्यातली गंगा कोठी पावलांनी मोजत होती. एवढी मोठी कोठारं कशाला, हे मला सांगावं लागलं नाही.

दुसरा उद्योग बादलीतला. तळाशी फुटक्या माठाची खापरं आणि माती, त्यावर वाळूचा थर, वर पुन्हा माती आणि त्यात बाटलीची बुचं, एखादं नाणं. मुलांनी खुरपं आणि जुना टूथब्रश घेऊन उकरायचं. नियम एकच: वस्तू उचलण्याआधी ती कोणत्या थरात होती ते वहीत काढायचं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं, हे हाताला कळतं. मग कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात न्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं. तिथे सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती या संग्रहालयात आहे. परदेशातला समुद्रदेव आपल्या नदीकाठी आला कसा? इथे उत्तर देऊन टाकू नका. नकाशा पसरा, बंदरं आणि घाटवाटा त्यालाच शोधू द्या. आमच्याकडे सातवाहनांचा व्यापार या एका मूर्तीवरून आठवडाभर चालला.

शाहू महाराजांसाठी दसरा चौकात फिरा. तिथल्या बोर्डिंगांच्या पाट्या मुलाला वाचून उतरवून घेऊ द्या. एका गावात जातीजातींची वेगळी वसतिगृहं का लागली, हे तो विचारेलच. तेव्हा 26 जुलै 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा हुकूम समजावून सांगा.

नऊ वर्षांच्या मुलाला आधी बादलीच द्या. पिठाचं गणित त्याला गुणाकार नीट यायला लागल्यावर.