ध्यानाला बसताना दिवा लावला तर चालेल का?

"मॅडम, दिवा लावून बसलो तर ते कर्मकांडच झालं की!" सर हे अगदी अवघडून बोलले. लातूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, वय पन्नाशीचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आई गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रोज दहा मिनिटं नुसतं श्वासाकडे लक्ष द्या, असं मी सुचवलं होतं. ते गादीवरच बसायचे, मोबाइल हाताशी, आणि दुसऱ्या मिनिटाला उठायचे. एका संध्याकाळी लाइट गेली. देवळीतलं आईचं निरांजन त्यांनी लावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण दहा मिनिटं बसले. मग मात्र मन खायला लागलं. आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगितलेलं!

मी त्यांना येळवशीबद्दल, म्हणजे वेळा अमावस्येला शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाबद्दल विचारलं. सर खुलले. कडब्याची कोप (छोटी खोपी), आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, भज्जी, उंडे, बिंदग्यातली (मडक्यातली) आंबील. "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणत वडिलांच्या मागून चर शिंपत, म्हणजे शेतात आंबील शिंपडत पळायचं.

"तेव्हा देव मानायचात?"

"काय कळत होतं तेव्हा? पण कोपीत वाकून शिरलं की आवाज आपोआप खाली यायचा."

मला हेच हवं होतं. 'शांत हो' म्हटल्यानं मन शांत होत नाही, शरीराला मात्र खूण कळते. तीच जागा, तीच वेळ, तुपाच्या वातीचा तोच वास रोज मिळाला की काही दिवसांत शरीर सवयीनं सैल पडायला लागतं. त्यात श्रद्धा असली तर उत्तमच, नसली तरी खूण आपलं काम करते.

पण एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते: राहून गेलं तर काय वाटतं? चुकल्या-चुकल्यासारखं वाटणं ठीक. पण "आज दिवा राहिला, आता पोराला काहीतरी होणार" अशी धडकी भरत असेल, समाधान होत नाही म्हणून वात पुन्हा पुन्हा नीट करावी लागत असेल, तर तो ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींचा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथे उपचाराची दिशा उलटी असते: ती कृती करणं हळूहळू सोडत जायचं आणि येणारी भीती ओसरेपर्यंत सोसायची. सरांचं तसं नव्हतं. दोनदा दिवा राहिला, ते निवांत होते.

मग आम्ही सुरुवातीसारखा शेवटही ठरवला. लोक नेमका तोच विसरतात. तांब्याभर पाणी शेजारी ठेवायचं, वात लावायची, तीन लांब श्वास घ्यायचे, बसायचं. उठताना ते पाणी तुळशीला. पहिल्या आठवड्यात तुळशीपाशी सर खूप रडले. आई गेल्यानंतर ते पहिलंच रडणं होतं.

येळवशीच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आईचा बिंदगा घेऊन शेतात गेले होते. "चर शिंपताना 'ओलगे' म्हणायला गेलो, तर आवाजच फुटेना, मॅडम. पोरानं पुढचं म्हटलं."