जहाजावरचा सर्चलाइट आडवा आणि उभा कसा फिरवतात?

दोन वेगळ्या अक्षांवर: आडव्या दिशेसाठी खाली बेअरिंगवर फिरणारी बैठक, आणि वर-खाली झुकवायला 'यू' आकाराची चौकट, जिच्या दोन खुंट्यांवर दिवा टेकलेला असतो. मोटर असेल तर बहुधा वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्यात अडकणारे दातेरी चाक, कारण वर्म चाकाला फिरवतो, पण चाक सहसा वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून वाऱ्यातही झोत सहसा जागेवर राहतो. मात्र वर्मच्या आट्यांचा चढ जास्त तिरका असेल किंवा हादरे जोराचे असतील तर ही खात्री नाही, तिथे ब्रेक हवाच. छोट्या बोटींवर मोटरची गरजही नसते. केबिनच्या छतातून आलेली दांडी फिरवली की दिवा वळतो, आतली सळई ओढली-ढकलली की झुकतो. सलग गोल फिरवायचा असेल तर स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज पोचवणारी सरकती जोडणी) लावा, नाहीतर वायर पिळली जाते.