दोन वारंवारतांची कॉइल आणि तिसऱ्या वर्षातील मुलगी

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीला सोडियम एमआरआयच्या कॉइल (शरीरातून येणारा रेडिओ-संकेत टिपणारी तारेची वेटोळी) बनवण्यात संशोधन करायचे आहे, आणि आपल्याला मात्र तिने सॉफ्टवेअरची नोकरी धरावी असे वाटते. ‘हे तांब्याची तार वळवण्याचेच काम ना?’ असे आपण विचारले आहे. त्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

नेहमीचा एमआरआय शरीरातील हायड्रोजनचा संकेत टिपतो. 3 टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजन सुमारे 127.7 मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतो आणि सोडियम 33.8 ला, त्यामुळे रुग्णालयातल्या नेहमीच्या कॉइलला सोडियम ऐकूच येत नाही. त्यातून सोडियमचा संकेत हायड्रोजनच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण. तरीही तो हवा असतो, कारण पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडला की पेशीत सोडियम साचते, आणि गुडघ्याची कूर्चा झिजू लागली की तिच्यातले सोडियम घटते.

खरी कसोटी पुढे आहे. शरीररचनेचे चित्र घेण्यासाठी आणि चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्यासाठी हायड्रोजनही लागतोच; म्हणून दोन कॉइल एकाच जागी बसवाव्या लागतात आणि त्या एकमेकींचे ट्यूनिंग बिघडवतात. सोडियमच्या कॉइलमध्ये हायड्रोजनच्या वारंवारतेचा प्रवाह अडवणारे ट्रॅप सर्किट घातले तर हे थांबते, परंतु त्या सर्किटचा रोध सोडियमच्या संकेतातलाही थोडा वाटा खातो. हा तोटा कोणाच्या पदरात किती घालायचा, हे ठरवणे म्हणजेच कॉइलची रचना. सोडियमला झुकते माप द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट लांब आहे: आरएफ (रेडिओ वारंवारता) किंवा मायक्रोवेव्हमध्ये एम.टेक., मग पीएच.डी. भारतात या कामाच्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. मात्र पवईच्या आयआयटीच्या आवारातील ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था देशी एमआरआय यंत्राच्या विकासात आहे, आणि हेच कौशल्य अँटेना व रडारच्या क्षेत्रातही चालते. त्यामुळे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेची तयारी सुरू ठेवून तिने कॅम्पस मुलाखतीही द्याव्यात.

निर्णयाआधी एक प्रयोग करू द्या. 2 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे 10 सेंटिमीटर व्यासाचे एक वेटोळे करून त्याला सुमारे 90 पिकोफॅरॅडचा कपॅसिटर जोडला, तर ते 33.8 मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनादित होते, 127.7 साठी जेमतेम 6 पिकोफॅरॅड पुरतात. मापनाला काही हजार रुपयांचा नॅनोव्हीएनए चालेल; कोणत्या वारंवारतेला वेटोळे किती प्रतिसाद देते, याचा आलेख हे छोटे उपकरण दाखवते. मग मिठाच्या पाण्याची बाटली जवळ आणून आलेख कसा रुंदावतो आणि सरकतो ते तिने पाहावे, आणि वेटोळे पुन्हा 50 ओहमला मॅच करावे, म्हणजे मापनाच्या केबलशी जुळवून घ्यावे. या खटपटीत तिची संध्याकाळ कशी गेली, ते तिने स्वतः मला लिहून कळवावे. पुढचा सल्ला मी त्या पत्रावरून देईन.