सिस्टर, पेशंटला कुठे हलवताय?

सोलापुरात 33 वर्षं परिचारिकेची नोकरी केली. सुरुवात मेडिसिन वॉर्डात, मग आयसीयू, मग डायलिसिस आणि शेवटची 6 वर्षं पुरुष सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज. या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेते आहे. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वॉर्डाच्या दारात उभं राहून मला कितीतरी लोकांनी विचारला आहे.

प्रश्न : वडील 64 वर्षांचे. पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाच दिवस आयसीयूत होते, सहाव्या दिवशी अचानक जनरल वॉर्डात हलवलं. आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट होते, इथे एकीकडे वीस. वडील घरी कानडीच बोलतात, मराठी जेमतेम. स्वतः श्वास घेतात, बीपी गोळ्यांवर आहे, पण अजून नीट उठत नाहीत. आमचे पैसे संपत आले हे बघूनच त्यांना बाहेर काढलं का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पैशांचा संशय जरा बाजूला ठेवा, आधी तुमच्या वडिलांकडे बघू. पेशंटला कुठे ठेवायचं हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: त्याच्याकडे किती वेळाने बघावं लागतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाजवळून सिस्टरला हलताच येत नाही. नळीत कफ साठतो, तो ओढून काढायचा. बेडचं डोकं 30 ते 45 अंश उचललेलं ठेवायचं. तोंड पुसून स्वच्छ करायचं. दर तासाला लघवी मोजायची. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली तरी लघवी व्हायला हवी. लागोपाठ दोन तास पिशवीत त्याहून कमी दिसली की आम्ही डॉक्टरांना उठवतो. अशा पेशंटला एक सिस्टर पूर्ण लागते. त्याच्या खालची पायरी एचडीयू, म्हणजे आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधला कक्ष, तिथे दोघांत किंवा तिघांत एक. आणि ज्याला चार-सहा तासांनी तपासलं तरी चालतं, तो वॉर्डात. तुम्हीच लिहिलंय की वडील स्वतः श्वास घेतात आणि बीपी गोळ्यांवर आहे. म्हणजे हलवणं बरोबर होतं. आयसीयूत गरज नसताना राहणं चांगलंही नसतं. तिथे दिवे विझत नाहीत, अलार्म थांबत नाहीत, पहाट की संध्याकाळ कळत नाही. चार दिवसांत शहाणीसुरती म्हातारी माणसं भिंतीशी बोलायला लागतात. शिवाय तिथले जंतू औषधांना दाद न देणारे असतात.

पण तुमची वीस पेशंटची तक्रार खरी आहे, आणि ती मी झाकणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या वॉर्डात 3 पेशंटमागे 1 सिस्टर आणि इतर रुग्णालयांत 5 मागे 1 असा आहे. मी कितीतरी रात्री तीस जणांच्या वॉर्डात एका विद्यार्थिनीला सोबत घेऊन काढल्या आहेत. तेव्हा जे राहून जायचं ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

धोका वॉर्डात जितका असतो, त्याहून जास्त हलवण्याच्या त्या अर्ध्या तासात असतो. एका सिस्टरच्या डोक्यात असलेला माणूस दुसरीच्या डोक्यात जायचा असतो, आणि मधे फक्त एक केसपेपर. यातली एक चूक माझी स्वतःची आहे, ती सांगते.

डोक्याला मार लागलेला एक मागावरचा कामगार होता, पन्नाशीचा. अशा पेशंटची शुद्ध आम्ही ग्लासगो स्केलवर मोजतो: डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय सांगितल्यावर हलवतो का. कमीत कमी 3, पूर्ण शुद्धीत 15. संध्याकाळच्या सिस्टरने 15 लिहिले होते. रात्री मी आले. विचारलं, "नाव काय? कुठे आहात?" तो माझ्याकडे बघून भराभर काहीतरी बोलत राहिला, एका शब्दाचाही अर्थ लागेना. मी लिहिलं, "असंबद्ध बोलतो", आणि बोलण्याचे 5 चे 3 केले. एकूण 13. दोन गुण उतरले म्हणजे डोक्यात पुन्हा रक्तस्राव झाला असेल, म्हणून डॉक्टर धावत आले आणि रात्री दोनला त्याला स्ट्रेचरवरून खाली नेऊन दुसरा सीटी स्कॅन केला. स्कॅन जसाच्या तसा. वर आणल्यावर फरशी पुसणारी मावशी थांबली, त्याचं ऐकलं आणि म्हणाली, "अहो सिस्टर, तो नीट बोलतोय की. उद्या पगाराचा दिवस आहे, बायकोला कारखान्यात कोण नेणार, असं विचारतोय." तो तेलुगूत बोलत होता. संध्याकाळची सिस्टर तेलुगूच होती, म्हणून तिला तो पंधराचा पंधरा दिसला. तिने ड्यूटी बदलताना पेशंट माझ्याकडे सोपवला तेव्हा भाषा सांगितली नाही आणि मी विचारली नाही. गावातल्या कितीतरी घरांत भाषा तेलुगू नाहीतर कानडी, आणि मला तेव्हा "नोप्पि" म्हणजे दुखणं एवढंही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या वॉर्डात केसपेपरच्या पहिल्याच पानावर, नावाखाली, पेशंटची भाषा लिहायची पद्धत पडली. दुखतंय का, तहान लागली का, श्वास लागतो का, हे मी दोन्ही भाषांत पाठ केलं. विद्यार्थिनींकडूनही करून घेत असे.

तेव्हा आज वॉर्डात गेलात की पहिलं हे करा. सिस्टरला सांगा, "ताई, वडील कानडी बोलतात." दुखणं म्हणजे "नोवु", पाणी म्हणजे "नीरु", हे कागदावर मोठ्या देवनागरी अक्षरात लिहून लॉकरवर चिकटवा. कालपर्यंत ते किती बोलत होते, डावा हात किती उचलत होते, हेही सांगा. तुमच्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. बोलणं एकदम अडखळलं किंवा झोपेतून जागे होईनासे झाले, तर पुढच्या राउंडची वाट न पाहता लगेच बोलवा.

दुसरं, गिळणं. सिस्टरने किंवा थेरपिस्टने तपासून हो म्हटल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पाजू नका. घशाचे स्नायू लुळे असतात, पाणी श्वासनलिकेत उतरतं, कधी साधा ठसकाही लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया होतो. चहात बुडवलेल्या बिस्किटाने असं झालेलं मी पाहिलं आहे, आणि भरवणारी लेक जन्मभर स्वतःला दोष देत राहिली. परवानगी मिळाल्यावरही उठवून बसवा, चांगल्या बाजूने भरवा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते. भरवून झालं की गालाच्या खळग्यात काही उरलं आहे का, बोट घालून नव्हे, बॅटरी मारून बघा.

तिसरं, कूस. दर दोन तासांनी बदलायला हवी, आणि वीस पेशंटवाल्या एका सिस्टरला ते एकटीने जमत नाही. तुम्ही दोघं भाऊ असाल तर पाळी लावा, पण पहिल्यांदा तिच्याकडून शिकून घ्या. ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी चादरीला घासून सोलते. माकडहाड, टाचा, कुल्ल्याचं हाड आणि कानाची पाळ रोज बघा. लाल डाग दिसला की बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे, रंग बदललाच नाही तर जखम आतून सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हाताने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक लागते का. आणि घरून आणलेली सोलापुरी चादर पांघरायलाच ठेवा, अंगाखाली घालू नका. तिची वीण जाड, सुरकुती पडली की रात्रभर तीच टोचते.

प्रश्न : माझ्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. दर वेळी वजन केलं की सिस्टर रागावतात. उन्हाळ्यात तहान लागणार नाही का? डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताचं बीपीही घेऊ देत नाहीत.
— विड्या वळणारी एक वाचक, कुंभारी

उत्तर : ताई, त्या सिस्टरच्या रागामागे भीती असते. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून दोन डायलिसिसमध्ये वाढलेलं वजन म्हणजे बहुतेक साठलेलं पाणीच: एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. चार लिटर चार तासांत ओढायचे म्हटले की मशीनवरच बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस पांढराफटक पडतो. खुर्चीचं डोकं खाली करून पाय वर घेत "अण्णा, डोळे उघडा" अशा हाका मारणारी मीच होते. न ओढावं तर ते पाणी फुप्फुसात भरतं आणि पहाटे तीनला दम लागून कॅज्युअल्टीत यावं लागतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो, तहान लागणारच. पण तहानेचा मोठा भाग मिठाचा असतो, म्हणून आधी जेवण बघा. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी, लोणचं, पापड हे ताटात रोज असेल तर पाणी आवरणं कुणालाच शक्य नाही. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरसही भरपूर, ते दोन्ही यांना घातक. शहाळं तर नकोच. उन्हाळा आहे म्हणून पाहुणे आणतात, त्यांना प्रेमाने परत द्या. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं पाणी सांगितलं आहे, तेवढं सकाळी एका बाटलीत मोजून भरा. चहा, ताक, आमटी हेही त्यातच धरायचं; जेवढं वाटीत वाढाल तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. छोट्या फुलपात्रातून प्यायला द्या. बर्फाचा एक खडा तोंडात बराच वेळ पुरतो.

आणि तो हात. फिस्टुला म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून केलेली वाट. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि एकदा बंद पडली की पुन्हा ऑपरेशन. म्हणून त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट बांगडी-कडं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपणं नाही. रोज सकाळी त्यावर तळहात ठेवा. मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी पुढच्या तारखेची वाट बघू नका, तडक युनिट गाठा.

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. नर्सिंग करायचं आहे, पण घरचे म्हणतात डॉक्टरच्या हाताखालचं काम. यात पुढे काही वेगळं शिकता येतं का?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : बाळा, येतं. जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका, ती 3 वर्षांची; बीएस्सी नर्सिंग ही पदवी 4 वर्षांची. नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. त्यापुढे एकेका विषयाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम असतो: क्रिटिकल केअर, ऑपरेशन थिएटर, कॅन्सर, किडनी, मेंदू, हृदय, मानसोपचार. एमएस्सीही करता येते. कॉलेज निवडताना परिचर्या परिषदेची मान्यता आणि जोडलेल्या रुग्णालयात खरोखर पेशंट आहेत का, हे स्वतः जाऊन बघ. रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही.

विषय आत्ताच ठरवू नकोस. मला आयसीयूच करायचं होतं, पण खरा जीव रमला डायलिसिसला. आयसीयूतला पेशंट चार दिवसांत निघून जातो. डायलिसिसचा माणूस वर्षानुवर्षं तुझ्याकडे येतो, त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं तुला आधी कळतं. ज्याला झटपट निर्णय आवडतात त्याने कॅज्युअल्टीत जावं. थिएटरमध्ये स्वॅब (रक्त टिपायचे कापडी बोळे) आणि सुया मोजण्याची शिस्त लागते: आधी मोजल्या तेवढ्या परत हातात आल्याशिवाय पोट शिवायचं नाही, आणि त्या वेळी सर्जनला "थांबा सर" म्हणणारी सिस्टरच असते. हे हाताखालचं काम आहे का, ते घरच्यांना विचार.

त्यांना आणखी एक गोष्ट विचार. 1910 मध्ये आपल्या सोलापुरात जन्मलेले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांना माहीत असतील. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान परिचारिका होत्या, हे किती जणांना माहीत आहे?

प्रश्न : आई आयसीयूत आहे. सिद्धेश्वराची विभूती लावायला गेले तर सिस्टरने अडवलं. मन फार दुखावलं.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या आईच्या मानेत नळी असेल. ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते, आणि तिच्या पट्टीवर पडलेली चिमूटभर पूडसुद्धा जंतूंना वाट करून देते. म्हणून अडवलं असणार. पण कपाळाला बोट टेकवायला बहुतेक सिस्टर हो म्हणतील, अगोदर विचारलंत तर. आधी हात साबणाने धुवा. अंगठी, बांगड्या काढा. पुडी सिस्टरच्या हातात द्या, उशीवर उघडू नका. कापूर आणि उदबत्ती मात्र अजिबात नाही, तिथे ऑक्सिजन चालू असतो, ठिणगी पुरते.

माझ्याकडे अशा पुड्या यायच्या तेव्हा मी त्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर पेशंटचा बेड नंबर लिहून, मॉनिटरच्या मागे चिकटवत असे. वॉर्डात हलवताना कागदपत्रांबरोबर तीही जायची.