वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

प्रश्न : माझे बुकशेल्फ स्पीकर ८ ओहमचे, ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे (१ वॉटला १ मीटरवर इतका आवाज देणारे) आहेत. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय संगीताचं. रेकॉर्डिंग जसं आहे तसंच कानावर पडावं म्हणून ३००बी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा), ८ वॉटचा सिंगल-एंडेड (पूर्ण लहर एकाच व्हॉल्व्हवर चालवणारा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? व्हॉल्व्हवर तानपुरा फार भरदार वाटला.

उत्तर : 'जसं आहे तसंच' ही अट पक्की असेल तर ट्रान्झिस्टरचा घ्या. तानपुरा भरदार लागला हा भास नव्हे. आवाज चढवला की असा व्हॉल्व्ह मूळ स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर थोडा मिसळतो. षड्जात तार षड्ज मिसळला तर कानाला खटकणार कसा? पण तो रेकॉर्डिंगमधला नसतो.

खरी गोम डग्ग्यात कळते. ८ ओहम हा नुसता छापील आकडा. प्रत्यक्षात स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) स्वरागणिक बदलतो, कुठे ४ पर्यंत उतरतो, तर खर्जात कुठे २० पर्यंत चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या आतलाच विरोध) व्हॉल्व्हमध्ये २ ओहम धरला, तर ४ ओहमच्या जागी साडेतीन डेसिबल गळतात आणि २० च्या जागी एकही पुरता गळत नाही. म्हणजे पावणेतीन डेसिबलचा फरक! शिवाय वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) लगाम कमी, म्हणून डग्ग्याची घुमक फुगते आणि घिस्सा लांबत जातो. चांगल्या ट्रान्झिस्टरमध्ये हा इम्पिडन्स ०.०५ ओहमच्या आसपास असतो. तिथे हाच फरक ०.१ डेसिबलही भरत नाही.

खरेदीआधी एक प्रयोग जरूर करा. कुठल्याही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा बंद करून प्रत्येक स्पीकरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये २ ओहम, २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये (वायर तोडून मधोमध) जोडा. तो व्हॉल्व्हच्या आउटपुट इम्पिडन्सची नक्कल करतो. उघड्या टोकांवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. शॉर्ट झालं तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. रेझिस्टर तापतो, गालिच्यावर टेकवू नका. मग ४०० हर्ट्‌झचा टोन लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर १ व्होल्ट एसी जुळवा, रेझिस्टरसह आणि त्याविना, दोन्ही वेळा १ टक्क्याच्या आत. हे टाळलंत तर जो मोठा वाजेल तोच सरस वाटेल आणि प्रयोग फुकट जाईल. आता तोच ठेका दोन्ही प्रकारे ऐका. रेझिस्टरवालाच गोड लागला, तर तुम्हाला व्हॉल्व्हपेक्षा त्याचा आउटपुट इम्पिडन्स आवडला होता, आणि तो काही रुपयांत मिळतो.

ताकदीचंही पाहा. तुमच्या स्पीकरवर ८ वॉटला १ मीटरवर ९५ डेसिबल मिळतात. त्यापुढे तबल्याची जोरकस थाप कापली जाते. ५० वॉटला १०३ मिळतात.